बदल तेथे तपासणी : आज्ञावलींच्या कामातील काटकसर आणि दक्षता



गावात एखादी फेरफार नोंद मंजूर झाली म्हणजे साऱ्या गावाचे सातबारे नव्याने लिहिले जात नाहीत. संबंधित गटाचाच सातबारा दुरुस्त होतो. मात्र खातेदाराचा आठ-अ तसाच राहिला, तर दोन कागदांचा मेळ बसत नाही. संगणकीय आज्ञावलींच्या कामातही नेमकी हीच काटकसर व हीच दक्षता लागते.

मोठ्या प्रकल्पाची आज्ञावली हजारो फायलींमध्ये विभागलेली असते. या फायली फोल्डरवार लावून एका सामाईक संग्रहात ठेवतात. त्यास 'रिपॉझिटरी' म्हणतात. गूगल कंपनीच्या अशा एका संग्रहात जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २०० कोटी ओळी होत्या. संग्रहात बदल दाखल होताच आज्ञावली चालण्यायोग्य रूपात आणणे, तिच्या चाचण्या घेणे आणि ती वापरासाठी पाठविणे ही कामे ठरलेल्या क्रमाने आपोआप होतात. हा क्रम म्हणजे 'पाइपलाइन'. परंतु माहितीपत्रकातील एक शब्द सुधारल्यावरही सर्व चाचण्या होऊ लागल्या, तर वेळ व वीज वाया जाते आणि निकडीची दुरुस्ती रांगेत अडकते.

जे बदलले तेवढेच पुन्हा घडवावे, हा विचार नवा नाही. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेली 'मेक' ही आज्ञावली फायलींच्या बदलाच्या वेळा ताडून तेवढेच काम करीत असे. २००५ मध्ये आलेली 'गिट' ही प्रणाली दोन आवृत्त्यांमधील बदललेल्या फायलींची यादी देते. त्या यादीवरून कोणत्या फोल्डरची पाइपलाइन सुरू करावयाची, हा नियम गिटहब व गिटलॅब यांसारख्या सेवांमध्ये लिहून ठेवता येतो.

खरा धोका सामाईक फोल्डरमध्ये असतो. समजा, 'शुल्क' आणि 'दाखले' हे दोन विभाग रकमेची आकडेमोड 'सामाईक' फोल्डरमधून घेतात. तेथे बदल होऊनही 'शुल्क' विभागाची चाचणी झाली नाही, तर चूक थेट नागरिकाच्या पावतीवर उमटेल. म्हणून प्रत्येक फोल्डर कोणावर अवलंबून आहे, याची नोंद नियमातच असली पाहिजे.

तुलना कोणत्या आवृत्तीशी करावयाची, हेही महत्त्वाचे आहे. पहिल्या बदलाने 'शुल्क' बिघडले आणि दुसरा बदल केवळ 'दाखले' मध्ये झाला, तर लगतच्या आवृत्तीशी तुलना केल्यास दुसरी तपासणी निर्दोष दिसते व पहिला दोष झाकला जातो. याकरिता शेवटच्या यशस्वी आवृत्तीशी तुलना करणे श्रेयस्कर होय.

गिटहबवर आणखी एक अडचण येते. अनिवार्य ठरविलेली पाइपलाइन फोल्डरच्या नियमामुळे मुळातच सुरू झाली नाही, तर तिचा निकाल प्रलंबित राहतो आणि बदल स्वीकारला जात नाही. अशा वेळी पाइपलाइन नेहमी सुरू करावी आणि अनावश्यक कामे तिच्या आत अट घालून वगळावीत.

सामाईक फोल्डर किंवा पाइपलाइनची नियमावली बदलल्यास सर्व विभाग तपासावेत. शिवाय ठरावीक काळाने, शक्यतो रात्री, संपूर्ण तपासणी व्हावी. नियमात राहून गेलेला दुवा तेव्हाच उघड होतो. वाचलेला वेळ हा लाभ खराच. परंतु जे वगळले ते का वगळले, याचे उत्तर नियमात लिहिलेले असेल, तरच ती काटकसर ठरते. एरवी ते केवळ दुर्लक्ष होय.