संगणकातली वही बदलायची का?

(संघाच्या चिपळूण येथील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, ‘डेटाबेसची नवी आवृत्ती’. तो वाचून मागे दोघी-तिघी म्हणाल्या, हा विषय आला की आम्ही चहाला जातो. जाऊ नका गं. यात तुमच्या बचतीची वही आहे. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? नियमित लेखे. आज त्याचंच बोलायचंय.

आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामचे दोन भाग आहेत. पडद्यावर दिसतो तो एक : गट, सभासद, बचत, कर्ज, व्याज. दुसरा भाग दिसत नाही. ते मागचं कपाट, नोंदी रचून ठेवायचं. त्याला डेटाबेस म्हणतात. आपलं कपाट मायएसक्यूएल नावाचं, ५.७ आवृत्तीचं. ओरॅकल कंपनीने त्याची देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबवली. म्हणजे ते बंद पडलं असं नाही. काल चाललं तसं उद्याही चालेल. पण त्यात भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ असं खेर्डीच्या वहिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. संगणक नेटशिवाय कोपऱ्यात असता तर मीही म्हटलं असतं, राहू दे वर्षभर. पण त्याच यंत्रावर आपण बँकेचे मेल उघडतो, कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लावतो. म्हणून माझं मत : बदलायचं. मात्र घाईने नाही.

तिसरा आकडा बदलतो तेव्हा ती डागडुजी असते, पावसाआधी कौलं चाळतो तशी. ती बिनदिक्कत करून घ्यावी. ५.७ वरून ८.० वर जाणं म्हणजे वासे बदलणं. एक गंमत सांगते, खरं तर गंमत नाही ती. ८.० मध्ये ‘ग्रुप्स’ हा शब्द डेटाबेसने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवला. एखाद्या तक्त्याला प्रोग्राममध्ये नुसतं तेच नाव दिलेलं असेल तर काम तिथे अडतं. आता बचत गटांच्या प्रोग्राममध्ये गटांच्या तक्त्याला दुसरं काय नाव असणार? आपल्यातही तेच आहे, मी पाहून आले. ‘रँक’ हा शब्दही तसाच राखीव, आणि आपण गटांची श्रेणी त्याच नावाखाली ठेवतो. दुरुस्ती अवघड नाही, पण प्रोग्राम करणाऱ्याने बसून करायला हवी. आधी बदललं आणि मग कळलं, तर मासिक अहवालाच्या दिवशी पडदा कोरा.

आणखी एक. जुन्यात गटवार बेरीज मागितली की यादी बहुतेक वेळा आपोआप क्रमाने यायची. नव्यात क्रम वेगळा सांगावा लागतो. आकडे बरोबर असतात, पण अलोरे, कळंबस्ते, खेर्डी हा क्रम विस्कटतो, आणि घाईत एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या समोर लिहिला जातो. बँकेत कर्जाचा प्रस्ताव गेलेला असताना असं झालं तर भोगणार कोण? तो गट.

जुन्या सभासदांची नावं त्या काळच्या मराठी फॉन्टात टाइप केलेली आहेत, तीही तपासायला हवीत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘सुनंदा’चं काहीतरी अगम्य चिन्हांचं कडबोळं दिसतं. नावं आधी युनिकोडमध्ये आणून घेऊ.

आता मुख्य गोष्ट. नोंदी ८.० ने एकदा हाताळल्या की ५.७ ला त्या वाचता येत नाहीत. परतायचा रस्ता एकच, बदलाच्या आधी काढलेली प्रत. ती प्रत कशी ठेवायची हे चिपळूणकरांना मी शिकवायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कागद आणि संगणक एकाच चिखलात गेले. २६ जुलै २००५ चा पूरही आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिलाय. म्हणून एक प्रत ऑफिसात, एक उंचावरच्या गावात कुणाच्या तरी कपाटात, एक नेटवर कुलूपबंद. आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायची. झाकण न उघडलेल्या बरणीत लोणचं आहे की बुरशी, कोण सांगणार?

८.० वर मुक्काम करायचा नाही, कारण कंपनीने तिची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच दिली. एप्रिल २०२४ मध्ये आलेली ८.४ लांब मुदतीची आहे. ५.७ वरून तिथे थेट उडी मारता येत नाही, आधी ८.० वर उतरून मग पुढे जायचं.

खर्चाचं म्हणाल तर मायएसक्यूएलची सर्वांसाठीची आवृत्ती फुकट आहे. पैसे लागतील ते माणसाच्या कामाला. दरपत्रक लेखी घ्यायचं, आणि त्यात एक ओळ हवीच : जमलं नाही तर जुन्यावर परत आणून देणं, त्याच पैशात. ही ओळ लिहायला जो तयार नाही, त्याला काम देऊ नये.

सरकारच्या लोकओएस ॲपमधल्या नोंदींचा यात संबंध नाही. ते ॲप बदलणं आपल्या हातात नसतं.

ठरावासाठी मांडते ते असं. गणपतीत चाकरमानी येतात, कुणाला वेळ नसतो. ते आटोपल्यावर दुसऱ्या संगणकावर प्रतीवर बदल करून बघू. सहा गट निवडू : तीन जुने, दोन नवे, आणि ज्यात कर्जफेड अधूनमधून चुकली असा एक. व्याजाचा घोळ निघाला तर तिथेच निघेल. त्या गटांच्या हाताने लिहिलेल्या वह्यांशी पैशापैशाची गाठ पडली, तर दिवाळीनंतर खरा बदल. मार्च महिन्यात काही झालं तरी नाही. बदलानंतर दोन महिने वह्या आणि संगणक दोन्ही चालू राहतील. लेखापाल ताईंना हे काम जास्तीचं आहे, त्याचं मानधन याच ठरावात धरा.

सहा गटांच्या सचिवांनी नावं आत्ताच द्या. येताना सभासदांची पासबुकंही आणा, नुसती कर्ज-वही नको.