छायाचित्राची साक्ष

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांबरोबर आला आणि येथील बाजारपेठेत असा मुरला की, त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानीही येत नाही. लिलाव म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती गर्दी, पुकारणाऱ्याचा चढता आवाज आणि 'एकवार, दोनवार, तीनवार' ही अखेरची हाक. परंतु या गलबल्याच्या आधी एक शांत घटका असते, आणि लिलावाचे सारे मर्म तिच्यात साठलेले असते. लासलगावच्या बाजारात कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापारी पुढे येतो, मूठभर कांदा हाती घेतो, दाबून पाहतो, सालीचा रंग न्याहाळतो आणि मगच बोली उच्चारतो. आधी पाहणे, मग बोलणे, हा क्रम सर्वत्र सारखाच.

इंटरनेटवरील लिलावाने नेमकी ही घटका हिरावून घेतली. वस्तू एका गावी, बोली लावणारा शेकडो कोसांवर दुसऱ्या गावी. दोघांची ओळख नाही, भेट होण्याचा संभव नाही. ग्राहकाच्या हाताचे आणि डोळ्याचे काम तेथे एकट्या छायाचित्राला करावे लागते. म्हणून अशा लिलावातील छायाचित्र ही सजावट नव्हे, ती साक्ष आहे. आणि साक्षीला जे नियम लागू पडतात तेच त्यालाही लागू पडतात.

सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पिएर ओमिडयार या तरुण संगणकतज्ज्ञाने 'ऑक्शनवेब' या नावाने लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. तेथे विकला गेलेला पहिला जिन्नस म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. घेणाऱ्याला वस्तू मोडकी असल्याचे नीट समजले आहे ना, अशी पृच्छा ओमिडयार यांनी केली, तेव्हा आपण मोडके पॉइंटरच जमवतो, असे उत्तर आले. सांगण्यासारखी गोष्ट इतकीच की, दोष उघड सांगितल्याने गिऱ्हाईक पळून गेले नाही. उलट योग्य ते गिऱ्हाईक त्या दोषाच्याच वाटेने येऊन पोहोचले.

त्या आरंभीच्या काळात लिलावाच्या पानावर छायाचित्र घालणे हा मोठा खटाटोप होता. कॅमेऱ्यातील फिल्म धुवून घ्यावयाची, कागदावरील चित्र स्कॅनरवरून संगणकात उतरवावयाचे, ते अन्य एखाद्या जागी साठवून त्याचा पत्ता वर्णनात संगणकाच्या भाषेत लिहावयाचा. आणि एवढे करूनही टेलिफोनच्या तारेवरून ते चित्र ग्राहकापुढे इंचाइंचाने उमटावयाचे. साहजिकच पुष्कळ विक्रेते शब्दांवरच भागवीत. पुढे कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आणि सबब उरली नाही. २०१३ मध्ये ईबेने प्रत्येक वस्तूसाठी निदान एक छायाचित्र आवश्यक ठरविले. त्याची लांब बाजू किमान ५०० पिक्सेलांची असावी, चित्रावर जाहिरातीचा मजकूर नसावा, आणि वापरलेल्या वस्तूसाठी, पुस्तकांसारखे काही अपवाद वगळता, कारखान्याने काढलेले नव्या वस्तूचे चित्र चालणार नाही, असे निर्बंधही घातले. या शेवटच्या अटीचा अर्थ खोल आहे. विकावयाची आहे ती वस्तूंची जात नव्हे, तर ही एक वस्तू, तिच्या सर्व झिजेसकट.

या प्रश्नाची अर्थशास्त्रीय बाजू जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्येच, इंटरनेटवरील लिलाव कोणाच्या स्वप्नातही नव्हते तेव्हा, मांडली होती. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही. मागे उरतात त्या वाईट गाड्या, आणि बाजाराची पत ढासळत जाते. या विचाराबद्दल ॲकरलॉफ यांना २००१ मध्ये इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे ग्रेगरी लुईस या अर्थशास्त्रज्ञाने ईबेवरील मोटारींच्या लिलावांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. विक्रेता जितकी छायाचित्रे आणि जितका तपशील देतो, त्याचा किमतीशी निकट संबंध असतो, असे त्यात दिसून आले. त्यांच्या मते याचे कारण असे की, पानावर दाखविलेली गोष्ट हा एक प्रकारचा करारच असतो. ज्याला खोटे ठरण्याचे भय आहे, तो न दाखविणेच पसंत करतो. आणि हे मौन ग्राहकाला बरोबर ऐकू येते.

मग छायाचित्र कसे असावे? घरातील जुनी बाजाची पेटी लिलावात काढावयाची आहे असे समजू. खिडकीपाशी, दिवसाच्या मवाळ उजेडात, साध्या एकरंगी कापडावर ती ठेवावी. झगझगीत दिव्याने लाकडावर चकाकी उमटते आणि त्या चकाकीत चरे लपतात. पहिले चित्र पूर्ण पेटीचे; मग दोन्ही बाजू, पाठ आणि तळ. त्यानंतर भात्याच्या घड्या उघडून, कारण पेटीचे आयुष्य तेथे कळते. झाकण काढून आतील सूर दाखवावेत. एखादी पट्टी खचली असेल, कोपऱ्याचे लाकूड तडकले असेल, तर तेथे कॅमेरा जवळ न्यावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे तडा बोटभर की वीतभर हा वाद उरणार नाही. मात्र पेटीचा आवाज काही छायाचित्रात येत नाही. भाता दम धरतो की नाही, सूर बेसूर झाले आहेत की काय, हे शब्दांत प्रामाणिकपणे लिहावे लागते. चित्र आणि वर्णन यांनी एकमेकांची उणीव भरून काढावी, एकमेकांना खोटे पाडू नये.

कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम १५ अन्वये वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी या तत्त्वाच्या कक्षेत चित्रही स्पष्टपणे आणले. वर्णन आणि प्रतिमा वस्तूच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळतील, अशी हमी बाजार चालविणाऱ्या संस्थेने विक्रेत्याकडून घ्यावयाची आहे.

तरीही छायाचित्राची मर्यादा विसरून चालणार नाही. थकलेल्या कर्जापोटी बँका जी घरे ताब्यात घेतात, त्यांचे लिलावही आता इंटरनेटवर होतात, आणि ते बहुधा 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर. पानावर इमारतीचा दर्शनी भाग दिसतो. आत कोणी भाडेकरू आहे काय, मिळकतीवर दावा चालू आहे काय, सोसायटीची किंवा नगरपालिकेची थकबाकी किती, हे दर्शनी भाग सांगत नाही. जन्मभराची पुंजी पणाला लावणाऱ्या कुटुंबाने त्या चित्राला आमंत्रण समजावे, उत्तर समजू नये. जागेवर जावे, कागद तपासावेत आणि मगच बोली लावावी.

अलीकडे आणखी एक मोह विक्रेत्यापुढे उभा राहिला आहे. फोनवर बोट फिरविले की तडा नाहीसा होतो, उडालेला रंग भरून येतो, मागची पडकी भिंत जाऊन तेथे दिवाणखाना अवतरतो. पार्श्वभूमी स्वच्छ करणे वेगळे आणि वस्तूचा दोष पुसणे वेगळे. पहिली टापटीप आहे. दुसरे म्हणजे साक्षीपुराव्यात केलेली खाडाखोड. पुसलेला तडा चित्रातून जातो, पण पेटी उघडल्यावर तो ग्राहकाच्या हातीच लागतो. तेव्हा माल परत येतो, पैसा परत जातो, आणि जो विश्वास जातो तो परत येत नाही.

कांद्याच्या ट्रॉलीत वरचे कांदे निवडक ठेवण्याची युक्ती जुनीच आहे, आणि ट्रॉली रिकामी होताना ती उघडी पडते हा अनुभवही तितकाच जुना. साधने बदलली, बाजार दृष्टीआड गेला, तरी व्यवहाराचे मूळ बदललेले नाही. जो विक्रेता आपल्या वस्तूचा तडा स्वतः होऊन दाखवितो, त्याने न दाखविलेल्या बाजूवरही दूरच्या अनोळखी माणसाचा भरवसा बसतो.