पू न होणारी जखम

मंडळी, मोदकांच्या दिवसांत पुवाची गोष्ट सांगतोय, सांभाळून घ्या.

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! त्या आपणहून सरकत आल्या होत्या.

आपल्या पांढऱ्या पेशींना मात्र आधी धावत्या रक्तातून उतरावं लागतं. जखमेजवळ रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं. पेशी त्यावर गडगडत जाते; धरते, सुटते, पुन्हा धरते. वेग मंदावला की ‘इंटेग्रिन’ या प्रथिनाची पकड घट्ट बसते. मग ती चपटी होऊन, अंग चोरून, फटीतून त्वचेत शिरते. मिरवणुकीच्या लोंढ्यातून एखादा ओटा धरून माणूस बाजूला होतो ना, तसंच.

ही पकडच नसेल तर? काही मोजकी बाळं अशी जन्मतात. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेपर्यंत जवळजवळ कोणी पोचत नाही. म्हणून पू होत नाही, आणि जखम भरतही नाही. पहिली खूण बहुधा नाळ. एरवी ती एक-दोन आठवड्यांत पडते. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘पडेल हो.’ बहुतेकदा पडतेही. पण तीन आठवडे उलटले, बेंबी लाल दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. आपल्यात मामे-आते भावंडांची लग्नं होतात, तिथे ही शक्यता वाढते. वेळेत कळलं तर दुसऱ्याची बोनमॅरो देऊन बाळ बरं होऊ शकतं. नव्या पेशींना पकड असते.