तारुण्याच्या गोळ्या : लाभ किती, धोका किती?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो तुम्हीच माझ्यापुढे आणून ठेवला आहे. औषधांच्या दुकानात मी तीस वर्षे काम केले हे ठाऊक असल्यामुळे तुमच्यापैकी कित्येकजणी पिशवीतून एखादी डबी काढतात आणि हळूच विचारतात, "बाई, याने वय खरेच मागे हटते का हो?" आता तर वर्धापनदिनाच्या मेळाव्यात अशा मालाचा गाळा मांडू द्यावा, मंडळाला भाडे मिळेल, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. तेव्हा एकेकीच्या कानात सांगण्यापेक्षा सर्वांसमक्ष बोललेले बरे.

म्हातारपण नको वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना तारुण्य दिले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या नावाचा प्राश अजून घरोघर आहे. ययातीने तर पोटच्या मुलाचे तारुण्य मागून घेतले. पश्चिमेकडेही तीच ओढ. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्रा व गिनीपिग यांच्या ग्रंथींचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो असे जाहीर केले. पाचच वर्षांनी ते वारले. तशा अर्कात परिणाम करण्याइतके द्रव्यच उतरत नाही, असे पुढे दिसून आले. म्हणजे जो गुण आला तो मनाचा! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची ही गत, तर तुमची-आमची काय कथा?

आता प्रथम लाभाची बाजू पाहू, कारण सगळ्या गोळ्या फसव्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. शरीरात एखाद्या गोष्टीची उणीव असेल, तर ती भरून काढणारी गोळी खरोखर गुण देते. आपल्यातल्या शाकाहारी भगिनींत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होते, आणि आपण समजतो की वय झाले! मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते. रक्त तपासून घेतलेली अशी गोळी पथ्यकारकच. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला डॉक्टरांनी दिलेले औषधही तसेच. पण उणीव भरून काढणे वेगळे आणि भरल्या घागरीत पाणी ओतणे वेगळे.

ते पाणी नुसते सांडत नाही, कधी अपायही करते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन हे द्रव्य गोळीतून दिल्यास कर्करोग टळेल, अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आला तो उलटाच : ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! गाजर खावे ते ताटात. त्याचा अर्क काढला की ते गाजर राहत नाही. हळदीचेही तसेच. फोडणीतली चिमूटभर हळद निराळी आणि अर्काच्या गोळ्या निराळ्या. त्या गोळ्यांनी, तशाच अश्वगंधाच्या गोळ्यांनी, यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कोणी रोज घेत राहिले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायला जाल तेव्हा हे सांगायला विसरू नका.

खास बायकांच्या संबंधात एक इतिहास सांगण्यासारखा आहे. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरेव्हर' नावाचे पुस्तक लिहिले. पाळी जाणे हा एक रोग आहे आणि इस्ट्रोजेन घेतल्यास स्त्री सदैव तरुण राहील, असा त्याचा सूर. लाखो बायकांनी ते औषध घेतले. पुढे १६,६०८ स्त्रियांवर नीट तुलना करून प्रयोग झाला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या त्या जोडगोळीने स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढतात असे दिसल्यावर २००२ साली तो मध्येच थांबवावा लागला. मग घाबरून पुष्कळ बायकांनी औषध टाकले. तेही बरोबर नव्हते. पाळी गेल्यावर अंगाची लाही होऊन झोप उडते अशा, साठीच्या आतल्या, अन्य धोका नसलेल्या बाईला त्याचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो, हे पुढे स्पष्ट झाले. औषध तेच, पण कोणाला, कशासाठी आणि कोणत्या वयात, यावर अमृत की विष ते ठरते.

हल्ली ज्याचा बोलबाला आहे ते रॅपामायसिन ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूपासून मिळाले. त्यावर कॅनडात मूलभूत काम करणारे सुरेंद्रनाथ सहगल हे आपल्याच उपखंडात जन्मलेले, याचा अभिमान जरूर बाळगावा. २००९ साली त्या औषधाने म्हाताऱ्या उंदरांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले. पण मूत्रपिंड बदललेल्या रोग्याची प्रतिकारशक्ती दाबून धरण्यासाठी जे औषध देतात, ते हेच! तोंड येणे, जखम लवकर न भरणे, संसर्ग होणे हे त्याचे उपद्रव. निरोगी माणसाचे आयुष्य वाढवते असे सिद्ध झालेले औषध आज एकही नाही. उंदराला लाभले ते उंदराला लखलाभ!

परंतु सर्वांत मोठा धोका डबीत नसतो. आमच्या दुकानात एक आजी नेहमी येत. कोणा ओळखीच्या बाईने त्यांना तारुण्याची पावडर विकली. पेन्शनीतले निम्मे पैसे तिच्यात जाऊ लागले. "आता जिना चढताना दम लागत नाही," असे म्हणत त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली. दोन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू गेली. पावडरीने त्यांना विष घातले असे मी म्हणत नाही. पण गोळीची जागा तिने घेतली, हे खरे.

म्हणून भगिनींनो, कोणतीही डबी घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. मला याची उणीव आहे का, आणि ती तपासली आहे का? मात्रा किती? माझ्या चालू औषधांशी हिचे पटते का? आणि सांगणारीला विक्रीत काय मिळते? पूरक आहाराच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते, ते बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. आपल्या औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत अकाली वार्धक्य आणि पुनर्यौवन ही दोन्ही नावे आहेत. ती साधून देण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

मग करावे काय? रोज चालावे, बसल्या जागी उठाबशा काढाव्यात, ताटात डाळ-उसळ-ताक असावे, मशेरी सोडावी, रक्तदाब मोजत राहावा, झोप पुरती घ्यावी. यांत नवे काही नाही, म्हणून याची जाहिरात होत नाही.

आपल्यातल्या काही भगिनी असा माल विकून संसाराला हातभार लावतात. त्यांच्या कष्टांना मी नावे ठेवत नाही. पण हा माल मैत्रीवर खपतो, आणि मंडळाने गाळा दिला की तो मंडळाच्या नावावर खपेल. म्हणून माझी नम्र सूचना अशी : त्या जागी रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासण्याची सोय करावी. भाडे बुडेल, पण कुणाचा विश्वास बुडणार नाही.