गुरुत्वाकर्षणाची कसोटी

औंढा नागनाथ हें नांव मराठवाड्यांतील यात्रेकरूंस नवें नाहीं. छत्रपति संभाजीनगर विभागाच्या हिंगोली जिल्ह्यांतील या गांवाजवळ आतां एक निराळेंच कार्य हातीं घेण्यांत आलें आहे. ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेच्या सुमारें २६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. एवढा पैसा कशासाठीं, हा प्रश्न कोणाही श्रोत्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर आकाशांतील एका घटनेंत सांपडतें.

आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९१५ सालचा. सूर्यमालेंतील कसोट्यांस तो उतरला. परंतु विश्वाचें प्रसरण उत्तरोत्तर वेग घेत आहे, असें १९९८ मध्यें आढळून आलें, तेव्हां कित्येक शास्त्रज्ञांस शंका आली कीं, अतिदूर अंतरावर गुरुत्वाचा नियमच बदलत असावा. तसे अनेक प्रतिस्पर्धी सिद्धांत मांडले गेले. त्यांपैकीं कांहींच्या मतें गुरुत्वलहरी प्रकाशाहून निराळ्या वेगानें धांवल्या पाहिजेत.

१७ ऑगस्ट २०१७ रोजीं याचा निवाडा झाला. सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षें दूर एकमेकांवर आदळलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची गुरुत्वलहर त्या दिवशीं पृथ्वीवर पोंचली, आणि अवघ्या १.७ सेकंदांनीं त्याच टकरीचे गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांच्या शर्यतींत अंतर पडलें तें एवढेंच! दोन्ही वेग जवळजवळ तंतोतंत समान ठरले, आणि मोठ्या परिश्रमानें रचलेले कित्येक सिद्धांत त्या एकाच घटनेनें बाद झाले.

तथापि खटला संपलेला नाहीं. आइन्स्टाइनच्या मतें गुरुत्वलहर अवकाशास दोनच प्रकारें ताणते; इतर सिद्धांत सहांपर्यंत प्रकार मान्य करतात. हे प्रकार वेगळे ओळखावयाचे, तर निरनिराळ्या दिशांस रोंखलेल्या अनेक वेधशाळा हव्यात. शिवाय, एका कानानें आवाजाची दिशा नीट उमगत नाहीं, तशीच एका यंत्रानें लहरीची दिशाही कळत नाहीं. अमेरिका, इटली व जपान येथील यंत्रांच्या जोडीस औंढ्याचें यंत्र म्हणूनच हवें आहे. त्याच्या काटकोनांत असलेल्या, प्रत्येकीं ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेझरचे किरण फिरतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही सूक्ष्म असा लांबींतील फरक टिपतील. इतक्या नाजूक मापनास शांत भूमि लागते. ती येथें आहे.

उद्यां या यंत्रांच्या नोंदींत तिसऱ्या प्रकारचा ताण आढळला, तर आइन्स्टाइनचा सिद्धांतही दुरुस्त करावा लागेल. न आढळला, तर तो अधिकच दृढ होईल. निकाल कोणताही लागो, त्यांत मराठवाड्याच्या भूमीचा वाटा असेल.