दुधाची खूण



आज आपल्या पोरांच्या प्रश्नांविषयी थोडे बोलू. पोर चार-पाच वर्षांचे झाले की त्याच्या प्रश्नांना खळ नसतो. गाईला चार पाय, सरड्यालाही चार पाय, मग दोघे एकाच जातीचे का? वटवाघूळ उडते, मग ते पाखरू का? आपण कामात असतो. "गप बैस, शाळेत शिकवतील," म्हणून मोकळे होतो.

शाळेत शिकवतात, खरे आहे. पण तिथे आधी शब्द येतो, 'सस्तन प्राणी'. स्तन असलेले ते सस्तन. शब्द वाईट नाही. पोर तो पाठ करते, आणि वस्तू न बघताच राहते. तुमच्या दारात मात्र वस्तू उभी आहे.

पोराला गोठ्यात न्या. वासरू गाईला पीत असते. करडू शेळीच्या कासेला ढुशा देत असते. मग विचारा, "आता कोंबडीची पिल्लं काय करतात, बघ बरं." पिल्ले अंड्यातून निघाली की दाणे टिपू लागतात. कोंबडी त्यांना पंखाखाली घेते, ऊब देते, पण दूध पाजत नाही. ते त्याचे त्यालाच दिसू द्या. दुसरी खूण हाताला कळते. वासराच्या पाठीवरून हात फिरवायला सांगा. अंग ऊन लागते आणि वर केस असतात. पाखराचे अंगही ऊन, पण त्यावर पिसे. सरड्याला केस नाहीत नि पिसेही नाहीत.

"अंडं घालतं ते पाखरू, पिल्लं देतं ते जनावर," असे पुष्कळ जण सांगतात. ही खूण धरू नका. घोणस अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते. एका वेळी वीस-तीससुद्धा. पण ती त्यांना पाजत नाही. (नागाला आपण दुधाची वाटी ठेवतो, पण दूध हे त्याचे अन्नच नव्हे.) उलट ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नावाचे केसाळ जनावर आहे. ते अंडी घालते, आणि पिल्ले निघाली की त्यांना दूध पाजते! म्हणून निवाडा दुधानेच करायचा.

आता वटवाघूळ घ्या. पंख कातडीचे, अंगावर लव, तोंडात दात. पिल्लू आईच्या छातीला बिलगून दूध पिते. म्हणजे ते पाखरू नव्हे, गाईच्या गोतातले. मात्र खाली पडलेले वटवाघूळ पोरांनी हाताने उचलू नये. चावले तर जागा साबणपाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. देवमाशाचे तसेच. नाव मासा, पण श्वास घ्यायला पाण्यावर येतो आणि पिल्लाला पाजतो. खवले मांजराच्या अंगावर मोठमोठे खवले असतात, तरी तेही दूध पाजणारेच. त्याचे पिल्लू आईच्या शेपटीवर बसून हिंडते. त्याला मारणे 1972 सालच्या कायद्याने गुन्हा आहे. खवल्यांना पैसे मिळतात म्हणून कोणी फूस लावील, त्याच्या नादी लागू नका.

एवढे कळलेले पोर एक दिवस विचारील, "वासराचं दूध आपण का काढतो?" प्रश्न रास्त आहे. गाय व्याली की पहिले दूध घट्ट, पिवळे येते. तो चीक. आपल्याला खरवस आवडतो, म्हणून भांडे लगेच कासेखाली जाते. पण रोगाशी झगडण्याची ताकद वासराला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते. आणि एक दिवस उलटला की वासराचे आतडे ती घेईनासे होते. म्हणून व्याल्यावर तासा-दोन तासांत वासराला पाजावे. पंचवीस किलोचे वासरू असेल तर पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी त्याच्या पोटात जावे. उरेल त्याचा खरवस खुशाल करा.

गोठ्यातली ही गोष्ट घरातही लागू आहे. बाळंतिणीचे पहिले पिवळे दूध पिळून टाकायची रीत काही घरांत अजून आहे. म्हातारी म्हणते, "ते जड असतं, बाळाला बाधेल." मग बाळाला मध चाटवतात, गुळाचे पाणी देतात. आजीबाई, हे दूध बाधत नाही. तोही चीकच आहे, बाळाची पहिली लसच म्हणा. जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीशी धरावे. पुढे सहा महिने आईचे दूध तेवढे पुरते. मध नको, पाणीही नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे.

पहिले दोन-तीन दिवस दूध थोडेच येते. "हिला दूधच नाही," असे कोणी म्हणू नये. बाळाचे पोटही तेव्हा लहानच असते. रात्रंदिवस, मागेल तेव्हा पाजत राहावे. बाळ जितके ओढते, तितके दूध वाढते.