अकरा महिन्यांचा करार

बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला भाड्याचं घर शोधताना नजर आधी भाड्यावर जाते. खिसा मात्र डिपॉझिट, दलाली आणि रोजच्या रिक्षाने रिकामा होतो. स्टेशनपासून लांबचं घर स्वस्त वाटलं, तरी रिक्षाचा महिन्याचा खर्च मिळवूनच हिशेब मांडा.

आता करारनामा. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ असं सर्रास सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. लेखी, नोंदवलेला करारच नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं ठरेपर्यंत.

रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, हेही करारात लिहून घ्या. घर सोडताना वाद होतात ते इथेच. डिपॉझिट रोखीने देऊ नका, आणि सामान हलवण्याआधी नोंदवलेल्या कराराची प्रत मागून घ्या.